काचेतला धुरा

सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा मी फिशटँकसमोर उकिडवा बसलो होतो. दोन ऑस्कर माशांपैकी लहाना उजव्या कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपामागे, तोंड पाण्याच्या वरच्या थराला लावून तिरपा उभा होता. शेपटीची कड चिंधीसारखी लोंबत होती आणि डाव्या कुशीवर नखाएवढ्या तीन जागी खवले नव्हते. मोठा टँकच्या मधोमध होता. त्याचे कल्ले सावकाश हलत होते. चिडलेला, पिसाळलेला असं त्याच्याकडे पाहून कुणी म्हटलं नसतं. लहान्याने अंग सरळ करायचा प्रयत्न केला, तेवढ्यात मोठा वीतभर पुढे सरकला. नुसता सरकला. लहाना पुन्हा पाइपामागे गेला.

हे दोन्ही मासे मी आठ महिन्यांपूर्वी एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून आणले होते. तेव्हा दोघं दोन-दोन इंचांचे होते, काळ्या अंगावर शेंदरी नक्षी असलेले, आणि घरातला तीन फुटी टँक त्यांच्यासाठी मैदान वाटत होता. दुकानदाराने टँक केवढा आहे ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता दोघंही वीतभराच्या वर गेले होते आणि गेल्या तीन आठवड्यांपासून हे चाललं होतं.

माझे वडील देवळी तालुक्यातले शेतकरी. त्या दिवशी ते घरी होते. काठी टेकत आले, खुर्ची ओढून बसले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तं धुऱ्याचं भांडन आहे. पन याच्यात त्या बिचाऱ्याले पळाले जागाच नाही."

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात, त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. दोन शेतांमधली ती हातभर रुंद गवताळ पट्टी. तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तहसील आणि कोर्टाच्या वाऱ्या झालेली घरं वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सापडतील. वडिलांच्या त्या एका वाक्याने मला पुढचं वर्षभर फिरवलं: दुकानांत, लोकांच्या दिवाणखान्यांत, तलावाच्या काठी आणि पुस्तकांत.

ज्या कुळातले हे मासे, त्याचं नाव सिक्लिड. जगभरात या कुळाच्या सतराशेच्या वर जाती नोंदल्या गेल्या आहेत. आफ्रिका, दक्षिण आणि मध्य अमेरिका, मादागास्कर, आणि आपल्याकडे दक्षिण भारत व श्रीलंका हे त्यांचे मुलूख. भारताच्या स्वतःच्या जाती तीनच. त्यातली मोठी, कोकण-गोव्यातल्या खाड्यांतली काळुंदर, केरळात करीमीन म्हणून ताटात मानाने वाढली जाते. आणि ज्या सिक्लिडला आपण मासळी बाजारात रोज भेटतो पण सिक्लिड म्हणून ओळखत नाही, ती म्हणजे चिलापी. तिच्याकडे पुढे यायचंच आहे.

सिक्लिड अंडी घालून निघून जात नाहीत, ती राखतात. आपल्याकडे मरळीची जोडी पिलांच्या लालसर घोळक्याखाली पहारा देत फिरते. तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला ते दृश्य ठाऊक असतं. सिक्लिडमध्ये ही राखण कुळाचा धर्मच आहे. कुणी दगडावर अंडी घालून पंखांनी वारा घालतं, कुणी तोंडात घेऊन फिरतं. राखण आली म्हणजे जागा आली, आणि जागा आली म्हणजे हद्द. त्यांच्या मारामारीला आपण स्वभावदोष म्हणतो, पण तिचं मूळ या बापपणात आणि आईपणात आहे. हे कळल्यावर मला माझ्या मोठ्या ऑस्करचा राग येईनासा झाला.

आमचं वर्धा हे रेल्वेचं गाव. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथे भेटतात. देशातल्या शोभेच्या माशांची मोठी पैदास कोलकात्याच्या आसपास आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात होते, तेव्हा ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या आणि थर्माकोलचे डबे आमच्यापर्यंत पोहोचणं अवघड नाही. बजाज चौकापासून थोड्या अंतरावरच्या एका दुकानात मी दोन-तीन रविवार नुसता बसून राहिलो. भिंतीला लागून एक फुटी खोक्यांची रांग, प्रत्येकात दहा-पंधरा पिल्लं: ऑस्कर, ग्रीन टेरर, जॅक डेम्प्सी, पॅरट. जॅक डेम्प्सी हे नाव अमेरिकेच्या मुष्टियोद्ध्यावरून पडलंय. लहान मुलं काचेला नाक लावून उभी राहतात, बाप विचारतो, "मोठा होते का जी हा?" दुकानदार सांगतो, "टँकच्या हिशोबानं वाढते."

हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की ते खोटं आहे हे जोर देऊन लिहिलं पाहिजे. ऑस्कर टँकच्या हिशोबाने वाढत नाही. तो वाढतो तो फुटापर्यंत, नीट खाऊ-पिऊ घातला तर थोडा अधिकच. कपाळावर उंचवटा असलेला फ्लॉवरहॉर्न सिक्लिड दहा ते बारा इंच होतो. निकाराग्वाकडचा जग्वार सिक्लिड त्याहून मोठा. लहान टँकमध्ये मासा खुंटतो खरा, पण तो साचलेल्या मैल्यामुळे, आजारामुळे आणि धाकामुळे. त्याला जागेशी केलेली तडजोड समजणं म्हणजे अर्धपोटी पोराला काटक म्हणण्यासारखं आहे.

दुसरा एक हिशोब फार चालतो: इतक्या लिटरला इतके इंच मासा. बारक्या गप्पींना तो कसाबसा लागू पडतो. मोठ्या सिक्लिडला लावला की बुडालोच. तीन सेंटिमीटरचे दहा मासे आणि तीस सेंटिमीटरचा एक, दोन्हींची लांबी जोडून सारखीच येते. पण मासा दहापट लांब झाला की तो दहापट उंच आणि दहापट जाडही होतो, म्हणजे त्याचं वजन हजारपट होतं. तो एक ऑस्कर त्या दहा पिल्लांच्या शंभरपट वजनाचा आहे. त्यांच्याहून कितीतरी पट खातो, जवळपास त्याच प्रमाणात घाण करतो.

आता पाणी मोजू. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तरी सत्तावन्न लिटर. चार बाय दीड बाय दीडमध्ये अडीचशे लिटरच्या आसपास. सहा बाय दोन बाय दोनमध्ये ६८० लिटर. मोठ्या सिक्लिडचे अनुभवी पाळणारे काय सांगतात ते सगळीकडे जवळपास एकच आहे: एकट्या फ्लॉवरहॉर्नला किंवा एकट्या ऑस्करला चार फुटी, आणि ऑस्करची जोडी ठेवायची तर सहा फुटी. माझा तीन फुटी टँक एकालाही अपुरा होता. मी त्यात दोन ठेवले होते.

पाण्याचा प्रश्न नुसता लिटरचा नाही, आणि इथे वर्धेचं पाणी मध्ये येतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते आठवड्याच्या पाणीबदलात काढून टाकता येतं. पण अमोनियाचा विषारी भाग किती, हे पाण्याच्या आम्ल-अल्कतेवर, म्हणजे सामूवर (pH), आणि तापमानावर ठरतं. सामू सात आणि तापमान २५ अंश असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एकही भाग विषारी नसतो. सामू आठ आणि तापमान ३० अंश झालं की तोच भाग शेकडा सात-साडेसातवर जातो. दहापटीहून जास्त! आमच्या काळ्या दगडातून येणारं विहिरीचं, बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. घराघरातल्या बादल्यांवरची पांढरी पुटं त्याची साक्ष देतात. आणि मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. कूलर लावलेल्या खोलीतही टँकचं पाणी तिशीच्या खाली येत नाही.

त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होत असतो. वीस अंशाला लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तिशीला साडेसात, पस्तिशीला सातच्याही खाली. माशाची गरज मात्र उन्हाळ्यात वाढलेली असते, कारण ऊब वाढली की त्याची हालचाल, भूक आणि जोडी जमवायची ओढ तिन्ही वाढतात. मासेवाले लोक तुम्हाला सांगतील की मोठ्या सिक्लिडची सगळ्यात वाईट भांडणं एप्रिल-मे मध्ये होतात. वर्षभर बरी नांदलेली जोडी उन्हाळ्यात एकमेकांच्या जिवावर उठते. त्यात दुपारी लाइट गेली की फिल्टर बंद, स्पंजातले जिवाणू गुदमरायला लागतात. पुलगावच्या एका गृहस्थांनी इन्व्हर्टरला जोडलेला एअर पंप भिंतीला कायमचा ठोकून ठेवला आहे. त्यांच्या घरात इन्व्हर्टरवर एक पंखा, एक दिवा आणि तो पंप, एवढंच चालतं. मला तो प्राधान्यक्रम मनापासून पटला.

आता भांडणाकडे येतो. मला वाटायचं टँक मोठा केला की मारामारी आपोआप कमी होईल. गोष्ट इतकी सरळ नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी २०११ मध्ये मायडस सिक्लिडच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायडस हा फ्लॉवरहॉर्नचा रक्ताच्या नात्यातला मासा. त्यांनी घरात असतात तसे लहान टँक घेऊन माशांची संख्या थोडी कमी-जास्त केली, टँकचा आकारही थोडा कमी-जास्त केला. मारामारीत म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो टँक खूपच मोठा असताना आणि त्यात आडोसे, अडथळे, गुंतागुंत असताना. दोन फुटीचा तीन फुटी करून आपण आपल्या मनाचं समाधान करतो, माशाला त्यातून काही मिळत नाही. त्याला हवं असतं ते समोरच्याच्या नजरेतून नाहीसं होता येण्याइतकं अंतर.

नजर हा यातला मोठा भाग आहे. सिक्लिड डोळ्यांनी भांडतात. आधी अंगावरचे पट्टे गडद होतात, पंख ताणले जातात, मग आडवं उभं राहून शेपटीने पाण्याचा लोट समोरच्याच्या कुशीवर मारायचा, कल्ल्यांची झाकणं फुगवून दाखवायची. इतक्यावर मिटलं नाही तर तोंडाला तोंड भिडवून ओढाताण. नदीत, सरोवरात बहुतेक भांडणं इथवर येण्याआधीच मिटतात. हरणारा रंग फिका करतो, पंख मिटतो आणि निघून जातो. त्याने निघून जाणं हाच भांडणाचा शेवट. टँकमध्ये तो फिका पडतो, पंख मिटतो, आणि तिथेच राहतो. जिंकणाऱ्याच्या लेखी भांडण संपलेलंच नसतं, कारण शत्रू अजून हद्दीत आहे. म्हणून तो पुन्हा येतो. माझा लहाना पाइपामागे तीन आठवडे हरत होता, रोज, दर काही मिनिटांनी.

आणि हरणं अंगात मुरतं. टांगानिका सरोवराच्या परिसरातला अस्टाटोटिलापिया बर्टोनी नावाचा छोटा सिक्लिड आहे. स्टॅनफर्डच्या रसेल फर्नाल्ड यांनी आयुष्यभर त्याचा अभ्यास केला. यातले थोडे नर भडक रंगाचे, जागा धरून असलेले. बाकीचे मातकट, माद्यांसारखे दिसणारे. वरचढ नर बाजूला काढला की खालच्यापैकी एक काही मिनिटांत रंग बदलतो आणि पाठोपाठ त्याच्या मेंदूतही बदल सुरू होतात. २००७ मध्ये याच प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हे मासे इतरांची भांडणं नुसती काचेपलीकडून पाहून कोण कुणापेक्षा वरचढ याची उतरंड मनात लावतात, आणि न पाहिलेल्या जोडीबद्दलही बरोबर अंदाज बांधतात. मासा बघतो, लक्षात ठेवतो, ताडतो. जो प्राणी इतकं ओळखतो त्याला कोपऱ्यात कोंडून घातल्याचं काय होत असेल, हा प्रश्न मी टाळू शकलो नाही. दबलेल्या माशाच्या रक्तात ताणाचं रसायन चढं राहतं, वाढ मंदावते, आजार लवकर जडतो. दुकानात तुम्ही मागे लपलेला फिकट मासा "लाजाळू" म्हणून निवडता, तेव्हा बहुधा तुम्ही अशाच एका हरलेल्याला घरी आणत असता.

कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९६३ साली आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिलं. दहा वर्षांनी त्याला नोबेल मिळालं. राग हा धरणातल्या पाण्यासारखा साचत जातो आणि बाहेर पडावाच लागतो, हा त्याचा सिद्धान्त पुढे टिकला नाही. पण त्या पुस्तकातलं सिक्लिडचं एक निरीक्षण पाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. एक मोठा टँक, मधोमध काच, काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक जोडी. शेजारचा नर दिसत असतो तोवर प्रत्येक नर त्याच्यावर गुरकावतो आणि आपल्या मादीशी नीट वागतो. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की नर आपल्याच मादीवर धावून जायला लागतो. काच पुसली की पुन्हा घरात शांतता.

वडिलांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "धुरा दिसला पाह्यजे. दिसला का माणूस आपल्या जागी राह्यते."

आर्वीच्या एका शिक्षकांकडे नेमकी उलटी तऱ्हा पाहिली. त्यांच्या चार फुटी टँकमध्ये मलावी सरोवरातले वीस-पंचवीस म्बुना आहेत, बोटभर लांबीचे, निळे-पिवळे, खडकांत राहणारे आणि विलक्षण भांडखोर. सहाच ठेवले असते तर एकाने बाकीच्या पाचांना संपवलं असतं. गर्दी इतकी केली की कुणालाच एकाचा पिच्छा पुरवता येत नाही आणि कुणालाच जागा धरता येत नाही. मार सगळ्यांत वाटला जातो. पण या गर्दीची किंमत फिल्टर आणि पाणीबदल मोजतात: दोन मोठे फिल्टर अखंड चालू, दर आठवड्याला निम्म्याजवळ पाणी नवं, आदल्या दिवशी ड्रममध्ये भरून क्लोरिन उडवलेलं. ते स्वतः म्हणाले, "मी चार दिवस गावाला गेलो तर यांचं खरं नसतं." ही युक्ती बोटभर माशांची आहे. फूटभराच्या माशांना लावायला गेलात तर जागेआधी पाणीच संपेल.

आता चिलापी. मोझांबिकची ही मासळी १९५२ मध्ये भारतात आणली गेली, तळ्यांतून स्वस्त अन्न मिळावं म्हणून. सात वर्षांतच तिच्या प्रसारावर बंदी घालायची वेळ आली, पण तोवर ती निसटली होती. पुढे सत्तरच्या दशकात नाईलची मोठी चिलापी आली. आज भीमेवरच्या उजनी धरणात जाळ्यात येणाऱ्या मासळीत चिलापीचंच राज्य आहे, आणि भिगवणच्या बाजारात तिचे ढीग लागतात.

सेलू तालुक्यातल्या एका गावतळ्यावर मे महिन्यात मी एका भोई मामांबरोबर गेलो. तळं आटून निम्म्यावर आलं होतं. उघड्या पडलेल्या चिखलावर ताटाएवढे, परातीएवढे गोल खड्डे होते, शेकडो, एकमेकांना खेटून, मध्ये चार बोटांची कड सोडून. मी विचारलं हे कशाचे. "चिलापीचे. नर खांदते. एकेकाचा एकेक." पाणी होतं तेव्हा प्रत्येक खड्ड्यावर एकेक नर काळा पडून उभा होता आणि त्या चार बोटांच्या कडेवर शेजाऱ्याशी तोंड लावत होता. मादी येते, खड्ड्यात अंडी घालते, तोंडात उचलून घेते आणि निघून जाते. मी त्या चिखलाकडे पाहत राहिलो. कुणीतरी तळ्याच्या तळाशी सातबारा मांडून ठेवला होता, धुऱ्यासकट.

मामांनी जाळ्यातली एक चिलापी तळहातावर ठेवली. तळहाताएवढीच. अंगठ्याने तोंड उघडलं तर आत पिवळी अंडी. "पाहा, एवढीशी हाय अन् अंडे. हे वाढतच नाही मंग. तळ्यात नुसती बारकी बारकी." चिलापी दोन-तीन महिन्यांतच वयात येते, पुन्हा पुन्हा विते, आणि अन्न तेवढंच राहिल्याने सगळ्याच खुरटतात. माशांची दाटी काय करते ते टँकबाहेर पाहायचं असेल तर असं तळं पाहावं. पिंजऱ्यात चिलापी वाढवणारे याच स्वभावाचा दुसऱ्या टोकाने उपयोग करतात. ते इतकी दाटी करतात, आणि खाली खोदायला तळही नसतो, की नरांना जागा धरता येत नाही. जागा नाही म्हणून भांडण मंदावतं, आणि वीणही. आर्वीच्या गुरुजींचा टँक आणि धरणातला पिंजरा यांत तत्त्व एकच.

याच सेलू तालुक्याच्या बाजूला बोर आहे. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं, देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांपैकी एक, सुमारे १३८ चौरस किलोमीटर गाभ्याचं. तिथला तरुण नर वाघ बापाच्या हद्दीत राहू शकत नाही, त्याला बाहेर पडावंच लागतं, मग तो शेतं, रस्ते, नाले ओलांडत दुसरं जंगल शोधतो. वाटेत जीव जाण्याचा धोका आहे, तरी वाट आहे. टँकमधल्या माशाला तीही नाही.

हिंगणघाटला एका कापूस व्यापाऱ्याच्या पेढीवर गल्ल्याशेजारी फ्लॉवरहॉर्न पाहिला. नव्वदच्या दशकात मलेशियात संकर करून घडवलेला हा मासा. कपाळावरचा उंचवटा जितका मोठा तितकी भरभराट, अशी समजूत त्याच्याबरोबर आली. टँक चार फुटी, मासा एकटा, आत ना दगड ना झाड, मागे निळा कागद. व्यापारी रोज सकाळी पाच मिनिटं त्याला हातातला आरसा दाखवतात. मासा फुलतो, पट्टे गडद करतो, आरशावर धडका देतो, मग आरसा काढून घेतात. "याच्यानं तब्येत खुलते," ते म्हणाले. लोरेन्झच्या काचेचंच हे एक रूप, फक्त शेजारी खोटा. पाच मिनिटं ठीक आहे. दिवसभर आरसा लावून ठेवलेले टँकही मी पाहिले आहेत, आणि त्यातला मासा दिवसभर न संपणारं भांडण भांडत असतो. एकटं ठेवल्याबद्दल मात्र त्या व्यापाऱ्यांना दोष देणार नाही. मोठ्या भांडखोर सिक्लिडला एकटं ठेवणं हा क्रूरपणा नाही. जोडीदार म्हणून आणखी एक आणून सोडणं, हा बहुतेक वेळा असतो.

ज्यांना एकाहून अधिक ठेवायचेच आहेत त्यांच्याकडून जे शिकलो ते असं. नवा मासा सोडायचा तर आधी टँकमधले सगळे दगड, मडकी हलवून मांडणी मोडायची. जुन्याच्या मनातल्या हद्दी पुसल्या जातात आणि दोघांनाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दिवा बंद करून सोडायचा. आडोसे असे ठेवायचे की टँकच्या एका टोकाहून दुसरं टोक सरळ दिसणार नाही. मादीसाठी अशी फट हवी ज्यात तिचं अंग जाईल, नराचं डोकं जाणार नाही. लोणच्याची जुनी बरणी किंवा कुंभाराकडचं फुटकं मडकं याला उत्तम. जोडी हवी असेल तर पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवून त्यांना आपली आपली जमू द्यायची आणि उरलेल्यांसाठी घर आधीच शोधून ठेवायचं. हे शेवटचं कुणी करत नाही. आणि घरात एक जाळी किंवा काच, टँकच्या मापाची कापलेली, नेहमी तयार. रात्री दोन वाजता दुकान उघडं नसतं.

दिवाळी अंकात लिहितोय म्हणून एक गोष्ट मुद्दाम. आमच्याकडे सगळ्यात जास्त मासे दिवाळीच्या साफसफाईत मरतात. भिंती धुतल्या, पंखे पुसले, मग टँकचा नंबर. मासे बादलीत, खडे उन्हात, स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र. टँक लखलखीत होतो आणि त्यातले अमोनिया पचवणारे सगळे जिवाणू गटारात जातात. जे थोडे उरतात ते नळाच्या क्लोरिनने मरतात. लक्ष्मीपूजनाला टँक देखणा दिसतो, भाऊबीजेपर्यंत मासे पृष्ठभागावर तोंड उघडून उभे असतात, आणि जागेवरून पुन्हा पहिल्यापासून मारामारी, कारण मांडणी बदललेली असते. तिसरा भाग पाणी काढा, तेवढंच नवं भरा, स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबा. एवढंच.

माझ्या लहान्याचं काय करायचं, हे विचारल्यावर दोघांनी मला सांगितलं की पवनारला धाम नदीच्या पात्रात सोडून द्या, पुण्य लागेल. ते चांगल्या मनाने बोलत होते. पण बाहेरून आलेला मासा मोकळ्या पाण्यात सोडला की काय होतं ते सत्तर वर्षं चिलापीने दाखवलं आहे. ऑस्कर तर कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरणारा, दुसऱ्यांची पिल्लं खाणारा. त्याला जिवंत ठेवण्याची जबाबदारी माझी होती, धामची नव्हे.

मग सहा बाय दोन बाय दोनचा टँक करून घेतला. पाण्याचंच वजन पावणेसातशे किलोच्या आसपास, म्हणून लोखंडी स्टँड, आणि तळमजल्याची फरशी. बायकोने बैठकीतला सोफा विकायला परवानगी दिली, हे इथे कृतज्ञतेने नोंदवतो. मधोमध काच बसवली, खालून-वरून पाणी खेळेल एवढी फट ठेवून. मोठा डावीकडे, लहाना उजवीकडे. पहिले चार दिवस लहाना मडक्यात होता. पाचव्या दिवशी बाहेर आला. महिन्याभरात शेपटीची कड भरून आली आणि अंगावरची नक्षी पुन्हा शेंदरी झाली. रोज सकाळी दोघं मधल्या काचेशी येतात, आडवे उभे राहतात, कल्ले फुगवतात, थोडा वेळ एकमेकांना शेपटी दाखवतात आणि आपापल्या कामाला लागतात.

पावसाळ्यात काचेवर हिरवं शेवाळ चढलं. एका सकाळी पाहतो तर मोठा थर्मामीटर उपटून काढत होता आणि फिल्टरच्या पाइपाला दात लावत होता. वडील खुर्चीत पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "धुरा पुसला का?"

मी बाह्या वर करून स्पंज घेतला.